शिणलेल्या मनाचें पुनरुज्जीवन : टिळक दांपत्याच्या चरित्रांतील एक प्रश्न

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस महादेवाच्या डोंगररांगेच्या आडोशाला जो माण तालुका आहे, त्याची प्रसिद्धि जुनी असली तरी हेवा करण्याजोगी नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकतां सरकतां रोडावत जातो, आणि दहिवडी-म्हसवडच्या माळावर पोंचेपर्यंत त्याचे शिंतोडेच काय ते उरतात. माण नदी याच डोंगरांत उगम पावते. दहिवडी, गोंदवलें, म्हसवड, सांगोलें हीं गांवें मागें टाकून ती पंढरपूर तालुक्यांत भीमेला मिळते. तिला नदी म्हणावयाचें तें पावसाळ्यांतील थोड्या दिवसांपुरतें. एरवीं तिच्या पात्रांत वाळूच वाळू. तथापि या वाळूंतहि एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अशा नद्यांच्या कांठच्या बायका पात्रांत कोपरभर खळगा करीत, त्याच्याशेजारीं बसून राहत, आणि वाटीवाटीनें जमणारें पाणी भरून घेत. पाणी आटलेलें नसे, तें खालीं गेलेलें असे. अलीकडे उरमोडीच्या पाटाचें पाणी या भागांतील कांहीं गांवांत आलें आहे. परंतु वाळू उपसून थेंबाची वाट पाहणें ही ज्या प्रांताची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय, त्या प्रांताच्या मनाला कोरडेपणा म्हणजे काय हें कोणीं समजावून सांगावयास नको.

जमिनीच्या कोरडेपणासारखाच मनाचाहि एक कोरडेपणा असतो. दुःख निराळें आणि हा कोरडेपणा निराळा. दुःखांत मनुष्य रडतो, देवाला दोष देतो, भांडतो. म्हणजे त्याच्यांत ओल असते. येथें रडूंहि येत नाहीं. कर्तव्यें सुरळीत चालतात, पूजा-प्रार्थनाहि नेमानें होते, आणि तरीहि आंत कोणी नाहीं असें वाटत राहतें. सर्व धर्मांतील साधकांनीं या अवस्थेची नोंद करून ठेविली आहे. मिसर देशाच्या वाळवंटांतील प्राचीन ख्रिस्ती तपस्वी तिला दुपारचें भूत म्हणत. सोळाव्या शतकांतील स्पेनमधील संत योहान यानें तिला आत्म्याची अंधारी रात्र म्हटलें. आपल्याकडे तुकोबांच्या चरित्राचा आरंभच मुळीं तेथून होतो : १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, त्यांत अन्नावांचून गेलेली पत्नी, गेलेला मुलगा, बुडालेला व्यापार, आणि मग गांव सोडून डोंगरावर एकटें जाऊन बसणें.

अशा शिणलेल्या मनाला ख्रिस्ती श्रद्धेंत नवजीवन कसें लाभलें, याचें उदाहरण शोधूं गेल्यास महाराष्ट्राला परमुलखांत जावयास नको. माणच्या पश्चिमेस, याच जिल्ह्याच्या मुख्य शहरीं, १९१७ ते १९१९ या दोन वर्षांत तें घडलें. नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याचा तो शेवटचा मुक्काम होय. परंतु ही कथा एकट्या टिळकांची नाहीं. ती लक्ष्मीबाईंचीहि आहे; आणि ती दोघांची आहे म्हणूनच तींत एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. तो टाळून सांगितलेली कथा भाविकांना गोड वाटेल, पण ती खरी असणार नाहीं.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. वडील तापट व कठोर, आई भक्तिमान. आईच्या मृत्यूनंतर पोरवयांतच त्यांनीं घर सोडलें आणि नाशिक गांठलें. १८८० सालीं जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची लक्ष्मी झाली, तेव्हां तिचें वय अवघें अकरा-बारा वर्षांचें होतें. पुढील पंधरा वर्षांचा संसार हा संसार कमी आणि प्रवास अधिक, असा आहे. टिळक आज शिक्षक तर उद्यां कीर्तनकार. आज या गांवीं बिऱ्हाड, तर उद्यां कोणास न सांगतां दुसऱ्या गांवीं प्रयाण. बुद्धि तीव्र, संस्कृताचें ज्ञान मोठें, हात सढळ आणि वृत्ति अस्थिर. अपत्यें झालीं आणि त्यांतील कांहीं दगावलीं. देशाची स्थिति पाहून त्यांचें मन जळत असे. जातिभेद आणि कर्मठपणा यांच्या ओझ्याखालीं हा समाज कधींहि उठणार नाहीं, त्याला एक नवा धर्मच दिला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें आणि त्या धर्माचीं तत्त्वेंहि स्वतःशीं मांडून पाहिलीं. तत्त्वें जुळलीं, परंतु त्या तत्त्वांत प्राण कोणीं घालावयाचा हें मात्र उमगेना.

१८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका गोऱ्या प्रवाशाशीं त्यांची गांठ पडली. त्या गृहस्थानें त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. तो कोण होता, हें टिळकांना पुढें कधींच कळलें नाहीं. पुस्तक वाचण्याचें वचन दिलें होतें म्हणून त्यांनीं तें उघडलें, आणि मत्तयाच्या पांचव्या अध्यायापाशीं, डोंगरावरील प्रवचनापाशीं, ते थबकले. तेथें त्यांना काय सांपडलें? तत्त्वें तर त्यांच्याजवळ होतींच. सांपडलें तें असें कीं, जो बोलतो तो स्वतः त्या बोलण्याचें प्रमाण आहे, आणि तो रित्या हातांच्या, शोक करणाऱ्या, नम्र झालेल्या माणसांना प्रथम धन्य म्हणतो. स्वतःच्या बळावर धर्म घडवूं पाहणाऱ्या व त्या प्रयत्नानें थकलेल्या मनुष्याला यापरतें दुसरें मोठें आश्वासन कोणतें असणार? १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा कोणत्याहि धर्मांतराच्या पुस्तकांत शोभेल अशी आहे. आतां त्याच दिवसाची दुसरी बाजू पाहूं.

ज्या घटनेनें टिळकांना जीवन लाभलें, तिनेंच लक्ष्मीबाईंचें जीवन उध्वस्त झालें. नवरा जिवंत आणि तरीहि गेलेला. कपाळीं कुंकू आहे, पण त्याला अर्थ उरलेला नाहीं. पदरीं लहान मुलगा, आणि नातलगांच्या दयेवर जगणें. लक्ष्मीबाई ज्या घरांत वाढल्या त्या घरीं वडिलांचें सोंवळें इतकें कडक होतें कीं, त्याच्या हकीकती वाचतांना आज हंसूं येतें आणि दुसऱ्याच क्षणीं गहिंवरून येतें. अशा घरच्या मुलीला ‘नवरा बाटला’ हे दोन शब्द ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना आपण करावयाची. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत हा काळ वर्णिला आहे. तेथें टाहो नाहीं, आळ नाहीं. विनोद आहे, आणि त्या विनोदाखालीं वेड लागण्याच्या सीमेवर पोंचलेलें मन आहे. त्या कांहीं काळ पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. ज्या भीमेला खालच्या अंगास आमची माण नदी मिळते, तिच्याच कांठीं विठोबाच्या पायांपाशीं ही बाई बसली होती. आणि देव, नवरा, जात यांपैकीं कोणी तरी आपल्याशीं बोलेल म्हणून वाट पाहत होती.

हाच तो अडचणीचा प्रश्न : एकाच्या आत्म्याला जेथें पाणी लागतें, तेथें दुसऱ्याची विहीर आटत असेल, तर त्या पाण्याला काय म्हणावें? टिळकांच्या चाहत्यांनीं याचें उत्तर सत्याच्या हांकेपुढें संसार गौण, असें दिलें आहे. निंदकांनीं तें, हा स्वार्थच होय, असें दिलें आहे. आमच्या मतें दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. सत्याची हांक खरी होती यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु त्या हांकेचें मोल टिळकांनीं एकट्यानें दिलें नाहीं. त्याचा मोठा वांटा न विचारतां लक्ष्मीबाईंकडून वसूल झाला, हेंहि तितकेंच खरें. टिळकांना हें कळत नव्हतें असें नाहीं. या काळांत त्यांनीं पत्नीला लिहिलेल्या पत्रांतून व कवितांतून त्यांची तळमळ दिसते. त्यांनीं दुसरें लग्न केलें नाहीं. बायकोनें आपलाच धर्म घ्यावा असा हट्ट धरला नाहीं. ते वाट पाहत राहिले.

लक्ष्मीबाई कांहीं वर्षांनीं त्यांच्याकडे परतल्या, तेव्हांहि त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. अहमदनगरास एकाच छपराखालीं राहावयाचें, पण चूल निराळी, पाणी निराळें, असा त्यांचा क्रम होता. त्यांचें परिवर्तन कोणत्याहि ग्रंथाच्या वाचनानें झालें नाहीं. जात ही देवानें केली कीं माणसानें, या एकाच प्रश्नाचा त्यांनीं आपल्याशीं विचार केला. देवानें पुरुष आणि स्त्री अशा दोनच जाती केलेल्या दिसतात, बाकीच्या आपण केल्या, असा निकाल लावला. आणि निकाल लागतांच दुसऱ्याच्या हातचें पाणी घेतलें. ज्या मनुष्याला उभा जन्म स्पर्शाचें भय वाटत आलें, त्याच्या पाठीवरून तें भय एका रात्रींत उतरलें म्हणजे त्याला केवढें हलकें वाटत असेल! १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांना ख्रिस्त डोंगरावर बोलतांना भेटला. लक्ष्मीबाईंना तो पाण्याच्या तांब्यापाशीं भेटला. दोघांची तहान एक असली, तरी वाट एक नव्हती.

याच सुमारास महाराष्ट्रांत आणखी एका विदुषीचें अंतःकरण याच मार्गानें जात होतें. पंडिता रमाबाई यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारीनें गेले. भाऊ १८८० सालीं गेला. पति बिपिनबिहारी दास मेधावी १८८२ सालीं गेले. आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीं एक तान्ही मुलगी कडेवर घेऊन ही स्त्री जगापुढें उभी राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वांटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांनीं पुढें जें आत्मनिवेदन लिहिलें, त्यांत एक विलक्षण कबुली आहे : बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षें आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. १८८९ सालीं शारदासदन उघडलें, तेव्हांहि ही स्थिति होती. म्हणजे बाहेरून ज्या वर्षांत त्यांची कीर्ति अमेरिकेपर्यंत पोंचली होती, त्याच वर्षांत आंतून त्या कोरड्या होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांना आपल्या दुबळेपणाचा स्वीकार करून केवळ कृपेवर विसंबण्याचा अनुभव आला. त्यानंतर १८९३ सालीं शारदासदनावर मोठें वादळ आलें, आणि सल्लागार मंडळांतील रानडे-भांडारकरांसारखे थोर पुरुष दूर झाले, तरी त्या मोडल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली त्यांनीं आणल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. शेवटच्या वर्षीं पुन्हा एक घाव बसला : १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा मिरज येथें निवर्तली. रमाबाई तेव्हां मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर तपाशीत होत्या. तें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

रमाबाईंचें उदाहरण येथें देण्याचें कारण असें कीं, धर्म स्वीकारणें आणि मनाला पालवी फुटणें या दोन घटना एका दिवशीं होतातच असें नाहीं, हें त्यावरून स्पष्ट होतें. टिळकांच्या बाबतींतहि तेंच घडलें. फक्त कालांतर मोठें. १८९५ सालचा उल्हास वीस वर्षें पुरला नाहीं.

या वीस वर्षांत टिळकांनीं काम थोडें केलें नाहीं. अहमदनगरास पाळकांच्या विद्यालयांत त्यांनीं शिकविलें. १९०४ सालीं त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन केलें. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आज जीं पदें गातात, त्यांतील शेंकडों टिळकांचीं आहेत. तीं येण्यापूर्वीं उपासनेंतील बरींचशीं गीतें परदेशी चालींवर बसविलेलीं असत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता; आणि फार मागें, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांनीं गोमंतकांत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून काढलें होतें. परंतु अभंगाची जवळीक ख्रिस्तभक्तीला टिळकांनींच दिली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरु आहे, माउली आहे. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशीं आलों, असें ते स्वतः म्हणत. त्यांच्या घरीं अनाथ मुलें वाढलीं. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरसवदा कवि याच घरीं लक्ष्मीबाईंच्या हातचें जेवला आणि पुढें बालकवि म्हणून महाराष्ट्रभर गाजला.

इतकें असूनहि पन्नाशी ओलांडलेल्या टिळकांचें मन अस्वस्थ होतें. हा शीण कशाचा? श्रमाचा तर नव्हेच. श्रमानें ते कधीं दमले नाहींत. शीण होता तो विसंगतीचा. ज्या ख्रिस्ताला त्यांनीं गुरु मानलें, तो डोकें टेकावयास जागा नसलेला फिरता साधु. आणि त्याचा शिष्य मात्र मिशनचा पगारी नोकर. देशबांधवांना उपदेश करावयास उभें राहिलें कीं ऐकणारा मनांत म्हणणार, हा पोटासाठीं बोलतो. दुष्काळांत धान्याबरोबर धर्म वांटला जातो, हा आरोप १८७६-७७ पासून मिशनऱ्यांच्या मागें लागलेलाच होता. गोऱ्या पाद्य्रांशीं टिळकांचें वैर नव्हतें, उलट अनेकांशीं दाट स्नेह होता. परंतु परक्याच्या अंगरख्यांतला ख्रिस्त महाराष्ट्राच्या अंगणांत येऊन बसणार नाहीं, अशी त्यांची खात्री झाली होती. जें तोंडानें गावें तें आपल्या राहणींत उतरलेलें नाहीं, हें जेव्हां कवीला कळतें, तेव्हां त्याचें गाणेंच त्याला थकवूं लागतें.

१९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचें काम व पगार सोडला, संन्यस्तवृत्तीनें राहण्याचा निश्चय केला, आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला. हा दरबार म्हणजे नवा पंथ नव्हे, नवें मंदिरहि नव्हे. ख्रिस्ताला गुरु मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुवर्ग होता, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना जसा प्रवेश होता तसाच न घेतलेल्यांनाहि होता. ही गोष्ट त्या काळीं मोठ्या धाडसाची होती. धर्मांतराची नोंदवही बंद करून टिळकांनीं दार उघडें ठेविलें. ज्या दारांतून पूर्वीं त्यांच्या पत्नीला एकटीनें बाहेर राहावें लागलें होतें, तें दार या वेळीं तसें लोटलें जाणार नाहीं, असा जणूं त्यांनीं बंदोबस्त केला. त्यांच्या मनांत हाच हेतु होता असें आमच्यानें म्हणवत नाहीं. परंतु १८९५ आणि १९१७ हीं दोन पानें शेजारीं ठेवून वाचणाऱ्यास हा फरक दिसल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या वेळीं टिळक एकटे निघाले. या वेळीं लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. संन्यास म्हटला म्हणजे बायको टाकणें आलें, ही आपल्याकडील रूढ समजूत. टिळकांचा संन्यास सपत्नीक होता. पगार बंद झाल्यावर चूल कशी पेटवावयाची याची विवंचना अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वांट्याला आली. परंतु ती आतां सहधर्मिणीची विवंचना होती, टाकलेल्या बाईची नव्हे.

साताऱ्याची भूमि अशा प्रयोगाला परकी नव्हती. रामदासांचा सज्जनगड नजरेच्या टप्प्यांत. आणि पूर्वेस माण तालुक्यांत गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज चारच वर्षांपूर्वीं, १९१३ च्या डिसेंबरांत, समाधिस्थ झालेले. दुष्काळानें गांजलेल्या, कर्जानें वाकलेल्या माणदेशी माणसाला गोंदवल्यास अन्न मिळे आणि नाम मिळे. श्रद्धेचा विषय निराळा, पण रीत ओळखीची : आधीं पान मांडावयाचें, मग बोलावयाचें. टिळकांना आपला ख्रिस्त नेमका याच अंगणांत आणावयाचा होता.

ज्यू लोकांच्या प्राचीन ग्रंथांत एलीया संदेष्ट्याची एक गोष्ट आहे. राणीच्या भयानें तो रानांत पळाला, एका झुडुपाखालीं बसला आणि म्हणाला, पुरे झालें, आतां मरण दे. देवानें त्याला उपदेश केला नाहीं. त्याला झोंप दिली; निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशीं ठेविली; तो जेवून पुन्हा निजला, तर पुन्हा उठवून जेवूं घातलें. पुढें चाळीस दिवसांच्या वाटेनंतर होरेब डोंगरावर वादळ, भूकंप आणि अग्नि यांत न भेटलेला देव एका मंद वाणींत भेटला. त्या वाणीनें मात्र त्याला फार वेळ कुरवाळलें नाहीं. ‘तूं एकटा नाहींस’ असें सांगून कामाला परत धाडलें आणि एक सोबतीहि दिला. अन्न, विश्रांति, वाणी, सोबत आणि काम : शिणलेल्या मनाच्या ख्रिस्ती उपचाराचा सारा क्रम या एका कथेंत आला आहे. रमाबाईंना प्रथम वाणी लाभली आणि मग काम सांपडलें. लक्ष्मीबाईंना प्रथम अन्नपाण्याचें बंधन सुटलें आणि मग वाणी आली. टिळकांजवळ वाणी पहिल्यापासून होती. त्यांना उतारवयांत सोबतीचा अर्थ कळला.

आतां असें कोणी म्हणेल कीं, हा सर्व मानसशास्त्राचा खेळ आहे. थकलेल्या मनुष्याला जागापालट आणि नवा उद्योग दिला म्हणजे तो ताजातवाना होतोच. त्यांत ख्रिस्ताचें काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. जागापालटानें टिळक खरोखरच ताजेतवाने होत. जन्मभर त्यांनीं दुसरें काय केलें? परंतु पूर्वीची प्रत्येक जागापालट त्यांना अधिक अस्वस्थ करून गेली, आणि ही शेवटची त्यांना शांत करून गेली, हा फरक जागेनें पडलेला नाहीं. पूर्वीं ते कांहीं तरी मिळवावयास निघत. साताऱ्यास ते सोडून देऊन आले. मान, वेतन, पदवी, पंथाचा शिक्का हें सर्व उतरवून ठेविल्यावर मागें जें उरलें, त्यावर त्यांनीं भरंवसा टाकला. ‘आपलें जीवन राखूं पाहणारा तें गमावील’ या अर्थाचें जें वचन शुभवर्तमानांत आहे, त्याचा हा अनुभव होता. वाळू उपसल्यावांचून पाणी लागत नाहीं, हें माणची कोणतीहि म्हातारी सांगेल.

नवजीवन म्हणजे सुखाचें जीवन नव्हे. साताऱ्याचीं तीं दोन वर्षें कठीण गेलीं. ५ मे १९१८ रोजीं बालकवि भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून गेले. तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. ज्या मुलाला स्वतःच्या लेकराप्रमाणें वाढविलें, त्याच्या वार्तेनें या वृद्ध दांपत्याचें काय झालें असेल? त्याच वर्षीं पाऊस फसला, आणि पाठोपाठ इन्फ्ल्यूएन्झाची साथ आली. साऱ्या मुंबई इलाख्यांत घरेंच्या घरें ओस पडलीं. टिळकांची प्रकृति ढांसळत गेली. दरबार जमतो न जमतो तोंच त्यांना उपचारांसाठीं मुंबईस न्यावें लागलें, आणि ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाला अग्नि देण्यांत आला, आणि रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. ख्रिस्ती पाळकाचें दहन ही त्या काळीं चमत्कारिक गोष्ट. पण त्यांत त्यांच्या जन्माचा सारा खटाटोप सांठविलेला आहे.

टिळकांच्या पाठीमागें दरबार फार दिवस टिकला नाहीं. संस्थांच्या इतिहासकाराला हें अपयश दिसेल. आम्ही मात्र त्याचें फळ दुसरीकडे पाहतों. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभून ठेविलें होतें. त्याचे पहिले कांहीं अध्याय लिहून ते गेले. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिला वाचावयाची गोडी नवऱ्यानें लाविली, आणि त्याच नवऱ्याच्या धर्मांतरानें जिच्या डोळ्यांपुढें अंधार केला होता, त्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे चौसष्ट अध्याय रचले. मुलगा देवदत्त यानें शेवटचा अध्याय लिहून १९३८ सालीं तें काव्य प्रसिद्ध केलें. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं वारल्या होत्या. त्यांना तें छापलेलें पाहावयास मिळालें नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ मात्र १९३४ पासून भागाभागानें बाहेर पडूं लागलें होतें, आणि मराठी वाचकांनीं त्या पुस्तकाला जें स्थान दिलें, तें त्यांच्या नवऱ्याच्या कोणत्याहि ग्रंथाला मिळालें नाहीं.

आरंभीं उपस्थित केलेल्या प्रश्नाचें उत्तर, तें मिळालेंच असेल तर, येथें आहे. १८९५ सालीं एकाला लागलेलें पाणी दुसरीची विहीर आटवून गेलें, हें खरें. आणि तें कोणत्याहि युक्तिवादानें खोटें ठरावयाचें नाहीं. लक्ष्मीबाईंनींहि तें खोटें ठरविलें नाहीं. त्यांनीं तें जसेंच्या तसें लिहून ठेविलें. परंतु तें पाणी एकट्याचें राहिलें नाहीं, म्हणूनच त्याला आपण नवजीवन म्हणतों. जें पुनरुज्जीवन मनुष्याला आपल्याच तृप्तींत बसवून ठेवितें, घरच्यांच्या कोरड्या ओठांकडे पाहूं देत नाहीं, त्याची परीक्षा तेथेंच होते. टिळक या परीक्षेंत पहिल्या वेळीं उणे पडले आणि दुसऱ्या वेळीं पुष्कळसे उतरले. त्या दोन परीक्षांमधील बावीस वर्षें त्यांच्या पत्नीनें कशीं काढलीं, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्यानें ‘स्मृतिचित्रें’ पुन्हा एकदां उघडावें. आणि हंसूं आलें तर थोडें थांबून, तें हंसूं कोणत्या खळग्यांतून वाटीवाटीनें भरलेलें आहे, तें पाहावें.